व्हिएतनामने शिकवण्यांवर बंदी आणली, पण दहावीच्या सीटांचं काय?

14 फेब्रुवारी 2025 ला व्हिएतनाममध्ये शिक्षण खात्याचं 29 नंबरचं परिपत्रक लागू झालं आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर लाखो घरांचं वेळापत्रक कोलमडलं. परिपत्रकात काय होतं, तर प्राथमिकच्या मुलांच्या शिकवण्या बंद (चित्रकला, खेळ, संगीत असलं काही असेल तर चालेल), शाळेत नोकरीला असलेल्या शिक्षकाने स्वतःच्याच वर्गातल्या मुलांना बाहेर पैसे घेऊन शिकवायचं नाही, आणि शाळेला जादा तास घ्यायचेच असतील तर ते फुकट घ्यायचे, तेही फक्त तीन प्रकारच्या मुलांसाठी, म्हणजे जी मागे पडलीत, जी स्पर्धेसाठी निवडली गेलीत आणि जी शेवटच्या वर्षाला आहेत. आठवड्याला एका विषयाचे जास्तीत जास्त दोन तास. बाहेर क्लास चालवायचा असेल तर धंदा म्हणून रीतसर नोंदणी करा, फी किती ते जाहीर करा.

आपल्याकडे ही बातमी आली तेव्हा बहुतेकांनी "वा, असं पाहिजे" म्हणून पुढे पाठवली. त्यात चूक काही नाही, आपल्याकडेही क्लासेसने पालकांना इतकं पिळलंय की कुठल्यातरी सरकारने दंडुका उगारला हे ऐकूनच बरं वाटतं. पण मी गेली काही वर्षं व्हिएतनामच्या शाळांबद्दल मिळेल ते वाचतोय आणि मला वाटतं हा निर्णय निम्माच बरोबर आहे. आपल्याच विद्यार्थ्याला आपल्याच क्लासला यायला लावणं ही सरळसरळ लबाडी आहे, ती बंद झालीच पाहिजे, त्यावर वाद नको. पण शिकवणीची भूक जिथून येते ती जागा सरकारने स्वतः तयार केलेली आहे, आणि तिला हात लावल्याशिवाय हे परिपत्रक म्हणजे भूक तशीच ठेवून फक्त हॉटेलं बंद करणं आहे.

आधी कौतुक करू, कारण ते खरंच करण्यासारखं आहे.

2012 मध्ये व्हिएतनाम पहिल्यांदा पिसा नावाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेला बसला. पंधरा वर्षांच्या मुलांची गणित, वाचन आणि विज्ञानाची परीक्षा असते ही, श्रीमंत देशांची ओईसीडी संघटना घेते. निकाल लागला तेव्हा शिक्षणातले तज्ञ चाट पडले. गणितात व्हिएतनामला 511, अमेरिकेला 481, ब्रिटनला 494. विज्ञानात तर 528. तेव्हा व्हिएतनामचं दरडोई उत्पन्न या देशांच्या जवळपाससुद्धा नव्हतं, आजही नाही. आपण याच परीक्षेच्या 2009 च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल या दोन राज्यांना बसवलं होतं, दोघांचे नंबर यादीत तळाशी आले, फक्त किर्गिझस्तान आपल्या खाली, मग आपण प्रश्नच आपल्या संस्कृतीला धरून नव्हते असं काहीतरी म्हणालो आणि पुन्हा काही बसलो नाही. व्हिएतनाम मात्र बसत राहिला, 2022 मध्ये त्यांचे मार्क उतरले तरी बसला. त्या वर्षी गणितात 469 मिळाले, श्रीमंत देशांची सरासरी होती 472. म्हणजे घसरूनसुद्धा सरासरीला टेकलेच.

यात एक गोम आहे आणि ती लपवून कौतुक करणं मला पटत नाही. पिसा फक्त शाळेत असलेल्या मुलांची परीक्षा घेते. 2012 मध्ये व्हिएतनामच्या पंधरा वर्षांच्या मुलांपैकी साधारण 56 टक्केच त्या नमुन्यात धरली गेली होती, बाकीची एकतर शाळा सोडून गेलेली किंवा खालच्या वर्गात अडकलेली. जी टिकली तीच परीक्षेला बसली, मग मार्क चांगले येणारच की, असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचा मुद्दा काही फालतू नाही.

पण मग दुसरा पुरावा बघा. यंग लाइव्ह्ज म्हणून एक मोठा अभ्यास झालाय, त्यात इथिओपिया, पेरू, व्हिएतनाम आणि भारतातलं तेव्हाचं आंध्र प्रदेश (आता आंध्र आणि तेलंगणा) इथली तीच ती मुलं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासली. शाळेत असोत नसोत, सगळी. अभिजित सिंग या अर्थतज्ञाने त्या माहितीवरून दाखवलं की पाच वर्षांच्या वयात या देशांतल्या मुलांमध्ये फरक असतो पण तो काही डोंगराएवढा नसतो, फरक वाढत जातो तो शाळा सुरू झाल्यावर. म्हणजे व्हिएतनामचं मूल पोटातूनच गणित शिकून येत नाही. तिथल्या शाळेतलं एक वर्ष आणि आपल्याकडच्या शाळेतलं एक वर्ष यांच्यात मुलाच्या डोक्यात किती जातं यात तफावत आहे. हे वाचल्यावर "पूर्वेकडची मुलं मेहनतीच असतात हो" या वाक्यातली हवाच निघते. मेहनती आपलीही असतात.

तिथल्या शाळेत वेगळं काय घडतं? चकचकीत काहीच नाही. शिक्षक शाळेत येतात, ही पहिली गोष्ट. तुम्ही हसाल, पण 2003 मध्ये भारतभर सरकारी प्राथमिक शाळांना न सांगता भेटी देऊन एक पाहणी झाली होती, त्यात देशभर दर चार शिक्षकांमागे एक गैरहजर सापडला होता. महाराष्ट्र त्यात सगळ्यात बरा होता, तरी आपल्याकडे जवळपास 15 टक्के जागेवर नव्हतेच. दुसरं म्हणजे त्यांनी 2003 च्या सुमारास प्रत्येक प्राथमिक शाळेसाठी किमान दर्जा ठरवला, शाळेची इमारत कशी हवी, पुस्तकं किती हवीत, शिक्षकाचं प्रशिक्षण काय हवं, आणि सगळ्यात मागे पडलेल्या जिल्ह्यांना आधी पैसा दिला. पुढे असलेल्यांना आणखी पुढे न्यायच्या ऐवजी तळ वर उचलला. आणि तिसरं, पैसा. एकूण सरकारी खर्चाच्या किमान 20 टक्के शिक्षणावर हे त्यांनी 2019 च्या शिक्षण कायद्यातच लिहून टाकलंय. आपल्याकडे राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के हे 1960 च्या दशकातल्या कोठारी आयोगापासून चालत आलेलं वचन आहे, ते प्रत्येक नव्या धोरणात नव्याने छापलं जातं एवढंच.

याच्या मागे इतिहासही आहे. 2 सप्टेंबर 1945 ला हो चि मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि सहाच दिवसांनी, 8 सप्टेंबरला, लोकसाक्षरतेचा हुकूम काढला. तिजोरी रिकामी, उत्तरेत नुकताच भयंकर दुष्काळ पडून लाखो माणसं मेलेली, फ्रेंच परत यायच्या तयारीत, आणि हा माणूस म्हणतो भूक, अडाणीपणा आणि परकी आक्रमण हे तिन्ही शत्रू एकाच रांगेतले. सरकारी आकड्यांप्रमाणे तेव्हा नव्वद-पंचाण्णव टक्के लोकांना लिहितावाचता येत नव्हतं. मग देवळात, अंगणात, दिव्याखाली वर्ग भरले. बाजाराच्या तोंडाशी फळ्यावर अक्षरं लिहून ठेवायचे, वाचता आली तर सरळ दारातून आत, नाही आली तर बाजूच्या 'आंधळ्या दारा'तून जायचं. भाजी घ्यायला आलेल्या बाईला चारचौघांत असं वळवणं आजच्या हिशोबाने अपमानच आहे, मला तरी ते आवडलेलं नाही, पण वर्षभरात पंचवीस लाख लोक अक्षर ओळखायला लागले असं त्यांचं सरकार सांगतं. यात एक सोय अशी होती की लिपी रोमन, फ्रेंचांच्या काळात रुजलेली, जुन्या चिनी चिन्हांसारखी वर्षानुवर्षं घोकावी लागत नव्हती.

त्यानंतर तीस वर्षं युद्ध, तरी शाळा बंद पडल्या नाहीत, बॉम्ब पडत असताना मुलं गवताने विणलेल्या जाड टोप्या डोक्यावर घालून खंदकातनं शाळेत जायची. 2000 साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सगळ्यांपर्यंत पोचल्याचं जाहीर केलं, 2010 मध्ये नववीपर्यंतचं.

आता शिकवणी कुठून आली ते बघा, कारण मुद्दा तिथे आहे.

1980 च्या दशकात व्हिएतनामची तिजोरी खडखडीत झाली, शिक्षकांचे पगार महागाईने खाऊन टाकले. 1986 मध्ये त्यांनी बाजार खुला केला, आणि 1989 मध्ये, चक्क कम्युनिस्ट सरकारने, शाळेत फी घ्यायला सुरुवात केली. प्राथमिक पुढे फुकट झालं पण वरच्या वर्गांना फी राहिली. शिवाय लोकसहभाग या गोंडस नावाखाली बाकीचा भार पालकांवर आला. पंख्याचे पैसे, पडद्यांचे, पाण्याचे, पालक-समितीचा फंड, वर्गात टीव्ही बसवायचाय त्याचे. सगळं 'स्वेच्छेने'. स्वेच्छा म्हणजे काय ते आपल्याकडच्या डोनेशन भरलेल्या कुठल्याही पालकाला समजावून सांगायला नको.

शाळा तर कित्येक वर्षं अर्ध्या दिवसाचीच होती. इमारती कमी, शिक्षक कमी, म्हणून सकाळी एक पाळी आणि दुपारी दुसरी. मूल चार-पाच तास शाळेत आणि उरलेला अर्धा दिवस मोकळं, आई-बाप दोघंही कामावर, आणि शिक्षकाचा पगार असा की त्यात घर चालणार नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्यावर दुपारी शिक्षकाच्या घरी वर्ग भरणारच होता. कुणी कट केला नाही, कुणी ठरवलं नाही, सगळ्यांची एकदम सोय झाली. मुलाला सांभाळायला जागा मिळाली आणि बाईंना घरखर्चाला पैसे मिळाले. मग हळूहळू त्यात सडका भाग आला, की खरी मेथड वर्गात न सांगता क्लासमध्ये सांगायची, चाचणीतली गणितं आदल्या दिवशी क्लासमध्ये सोडवून घ्यायची, आणि जो येत नाही त्याच्याकडे वर्गात जरा कमी बघायचं. 20 नोव्हेंबरला तिथे शिक्षक दिन असतो, त्या दिवशी फुलांबरोबर पाकीट द्यायची पद्धत आहे. सगळेच शिक्षक घेतात असं नाही, सगळेच पालक खुशीने देतात असंही नाही, पण न देणाऱ्याला रात्री झोप लागत नाही हे नक्की.

माझ्याबरोबर काम करणारी एक बाई हनोईची आहे. तिचा मुलगा नववीला होता त्या वर्षी तिच्याबरोबर त्यांच्या संध्याकाळची मीटिंग लावायची म्हणजे कसरत असायची. पाच वाजता शाळेच्या गेटवर स्कूटरींचा समुद्र, त्यातनं मुलाला उचलायचं, स्कूटरवरच मागे बसून तो भाताची गुंडाळी किंवा पाव खाणार, सहा वाजता गणिताचा क्लास, आठ वाजता दुसरा, साडेनऊला घरी, मग शाळेचा होमवर्क. झालो या ॲपवर (त्यांचं व्हॉट्सॲप समजा) वर्गाचा पालकांचा ग्रुप, त्यावर सराव परीक्षेचे मार्क सगळ्या मुलांच्या नावासकट येऊन पडायचे, रात्री दहाला फोन वाजला की तिच्या पोटात गोळा. आम्ही एकदा विचारलं, एवढं कशाला, नववीच तर आहे. ती म्हणाली, बारावी नंतरची परीक्षा सोपी आहे, ही अवघड आहे. आम्हाला वाटलं गंमत करतेय.

गंमत नव्हती. तिथे शाळेचा एक टप्पा नववीला संपतो, दहावीसाठी नव्याने प्रवेश घ्यावा लागतो. हनोईमध्ये नववी पास झालेल्या दर शंभर मुलांपैकी साधारण साठ जणांनाच सरकारी शाळेत दहावीची जागा मिळते. बाकी चाळीस जणांनी खाजगी शाळा बघायची (महाग), नाहीतर निरंतर शिक्षण केंद्र, नाहीतर धंदेशिक्षण. जूनच्या सुमाराला परीक्षा होते, साहित्य 120 मिनिटं, गणित 120 मिनिटं, परकी भाषा 60 मिनिटं, आणि त्या पाच तासांवर पंधरा वर्षांच्या पोराचं पुढचं सगळं ठरतं. शाळांचे तीन पसंतीक्रम भरायचे असतात, त्यातही खोच अशी की पहिल्या पसंतीला नाही लागला तर दुसऱ्या पसंतीच्या शाळेत तिथल्या कट-ऑफपेक्षा जास्त मार्क लागतात, तिसऱ्याला आणखी जास्त. म्हणजे पसंतीक्रम भरतानाच अर्धा जुगार. विद्यापीठांच्या जागा आता भरपूर वाढल्यात, बारावीच्या परीक्षेत 99 टक्क्यांच्या वर मुलं पास होतात, पण नववी ते दहावी ही एक पायरी आहे तिथे शंभरातल्या चाळिसांना बाहेर काढायचं आहे हे आधीच ठरलेलं आहे. तुमचं मूल खालून एक्केचाळिसावं असेल की एकोणचाळिसावं हे कोण सांगणार, म्हणून सगळेच धावतात.

2023 च्या उन्हाळ्यात हनोईत दहावीच्या प्रवेशासाठी पालक खाजगी शाळांच्या गेटबाहेर रात्र रात्र चटया टाकून बसले होते. त्याच्या आदल्या वर्षी शहराच्या दक्षिणेला होआंग लिएत नावाच्या वॉर्डात सरकारी बालवाडीच्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकायची वेळ आली. बालवाडीच्या! त्या वॉर्डात लिन्ह दाम म्हणून भाग आहे, तिथे टॉवरला टॉवर चिकटून उभे आहेत, एकेका टॉवरमध्ये एका गावाएवढी वस्ती, आणि शाळा तेवढ्याच. नियमाप्रमाणे प्राथमिकच्या वर्गात 35 च्या वर मुलं नकोत, पण शहरातल्या अशा भागात पन्नासच्या वर मुलं एका वर्गात बसतात. मग बाई एकेकाकडे बघणार कधी, आणि आईने मुलाला क्लासला का पाठवू नये?

बरं, ही चाळीस टक्क्यांची कात्री नुसती गरिबीमुळे किंवा नियोजन फसल्यामुळे आलेली नाही, ते धोरण आहे. 2018 मध्ये पंतप्रधानांच्या नावाने एक निर्णय निघाला, 2025 पर्यंत नववी झालेल्यांपैकी किमान 40 टक्के मुलं धंदेशिक्षणाकडे वळवायची. कारखाने येतायत, बाक निन्ह आणि थाई न्युएनमध्ये सॅमसंगचे अवाढव्य प्लांट आहेत, कुशल कामगार हवेत, प्रत्येकाने डिग्री घेऊन काय करायचंय, हा विचार. विचार अगदीच चूक नाही. पण पालकांना तो विकता आला नाही, कारण धंदेशिक्षणाच्या संस्था कमकुवत, आणि पंधराव्या वर्षी तिकडे गेलेलं मूल म्हणजे नापास झालेलं मूल असा शिक्का बसतो. जर्मनीसारखं करायचं म्हणतात, पण जर्मनीत तसं शिकलेल्या माणसाला पगार आणि मान दोन्ही मिळतं. मान नाही, नुसती कात्री आहे, तर लोक कात्रीपासून पळणारच. आणि पळायला ट्यूशन लागते.

आता एकाच सरकारची ही दोन कागदं शेजारी ठेवा. एक कागद म्हणतो दहावीच्या दारात चाळीस टक्के मुलं अडवा. दुसरा म्हणतो पालकांनो, एवढ्या शिकवण्या लावू नका, मुलांचं बालपण जपा. दोन्ही कसं चालेल?

परिपत्रक लागू झाल्यावर जे झालं ते म्हणूनच अपेक्षित होतं. नववीच्या मुलांचे शाळेतले पैसे देऊन चालणारे जादा तास मध्येच थांबले, परीक्षेला जेमतेम चार महिने. ते तास स्वस्त होते हे विसरू नका, गरीब घरातल्या मुलाला परवडणारी तीच एक शिकवणी होती. ज्यांच्याकडे पैसा त्यांची मुलं दुसऱ्या दिवशी बाहेरच्या सेंटरला, जिथे फी जास्त. शिक्षकांनी घाईघाईने नोंदण्या सुरू केल्या, आणि माझी मुलं तू शिकव, तुझी मी शिकवतो अशी अदलाबदल होईल ही शंका तर तिथल्या पेपरांत पहिल्याच आठवड्यात छापून आली. तेव्हाचे शिक्षणमंत्री न्युएन किम सॉन हे त्याआधी संसदेत म्हणाले होते की आमचा विरोध शिकवणीला नाही, शिकवणीतल्या अनैतिक प्रकारांना आहे. बरोबर आहे त्यांचं. फक्त अनैतिक प्रकार पकडायला प्रत्येक गल्लीत माणूस ठेवावा लागेल आणि सीटा वाढवायला फक्त इमारती आणि शिक्षक लागतील, यातलं सोपं काय ते त्यांनीच बघावं.

व्हिएतनामला वरून हुकूम सोडून शिक्षण सुधारायची जुनी खोड आहे, आणि दरवेळी खालचे लोक त्यातून वाट काढतात. 2006 चं उदाहरण मला फार आवडतं. एका शिक्षकाने परीक्षा केंद्रावरची सामूहिक कॉपी उघड केली, देशभर गदारोळ झाला, तेव्हाच्या मंत्र्यांनी 'दोन नकार' अशी मोहीम काढली, कॉपीला नकार आणि खोट्या यशाला नकार. 2007 ला परीक्षा कडक झाली आणि बारावीचा निकाल नव्वदीच्या वरून धाडकन 67 टक्क्यांवर आला. एका वर्षात मुलं मठ्ठ झाली नव्हती, आधीचे आकडे फुगवलेले होते. मग काय झालं? पाच-सहा वर्षांत निकाल पुन्हा नव्वदीच्या वर. मोहीम संपली, प्रांतांना आपले आकडे चांगले दाखवायचे होते ती गरज काही संपली नव्हती. 2018 मध्ये हा जियांग प्रांतात 114 मुलांच्या 330 उत्तरपत्रिकांचे मार्क वाढवलेले सापडले, अधिकारी तुरुंगात गेले. आपल्याकडे कॉपीमुक्त अभियानाचे बोर्ड लागतात तेव्हा मला नेहमी 2007 चा तो 67 चा आकडा आठवतो, तेवढं खरं बोलायची हिंमत आपल्या कुठल्या बोर्डाने दाखवली असती?

2014 ला असंच अजून एक फर्मान, प्राथमिकला मार्क द्यायचे नाहीत, शिक्षकाने प्रत्येक मुलाबद्दल शब्दांत शेरा लिहायचा. कल्पना छान, पण वर्गात पन्नास मुलं आणि प्रत्येकाच्या वहीत रोज शेरा, शेवटी काही शिक्षकांनी तयार शेऱ्यांचे रबरी शिक्के करून घेतले. दोन वर्षांत नियम सैल करावा लागला.

शहराबद्दलच बोलतोय मी इतका वेळ, पण डोंगरातली गोष्ट वेगळीच आहे आणि तिथे शिकवणी हा प्रश्नच नाही. व्हिएतनाममध्ये 54 वांशिक गट मानतात, किन्ह लोक साधारण 85 टक्के, बाकी 53 गटांतले बरेच उत्तरेच्या आणि मध्य भागातल्या डोंगरात. ह्मोंग मुलगी पहिलीत येते तेव्हा तिला व्हिएतनामी भाषा येतच नसते, आणि बाई पहिल्या तासापासून व्हिएतनामीत बोलतात. युनिसेफच्या मदतीने 2008 पासून काही वर्षं लाओ काय, जिया लाय आणि त्रा विन्ह या तीन प्रांतांत ह्मोंग, जराय आणि ख्मेर भाषेतून सुरुवात करून हळूहळू व्हिएतनामीकडे न्यायचा प्रयोग झाला, मुलं चांगली शिकली, आणि प्रयोग तिथेच राहिला. नंदुरबार-गडचिरोलीत काम करणाऱ्या शिक्षकांना यात नवीन काहीच वाटणार नाही. लांबच्या वाड्यांतली मुलं सोमवार ते शुक्रवार शाळेतच राहतात, सरकार दर मुलामागे महिन्याला 15 किलो तांदूळ आणि जेवणाचा भत्ता देतं, आणि ही योजना खरोखर चांगली आहे, त्यामुळेच हजारो मुलं टिकली. पण डिसेंबर 2023 मध्ये लाओ कायमधल्या एका शाळेत अकरा मुलांच्या ताटात मिळून इन्स्टंट नूडल्सची दोन पाकिटं, पाण्यात वाढवून भातावर ओतलेली, हे टीव्हीवर दिसलं. बाकीचा पैसा वाटेत गेला होता. अशा देशात, जिथे वर्तमानपत्रांवर पक्षाचा हात आहे, तरी ते बाहेर आलं हे एक बरं झालं.

न्याय म्हणून हेही सांगायला पाहिजे की परिपत्रकानंतर सरकार नुसतं बसून राहिलेलं नाही. 2025-26 पासून सरकारी शाळांत बालवाडी ते बारावी फी माफ झाली. जून 2025 मध्ये शिक्षकांसाठी स्वतंत्र कायदा आला, 1 जानेवारी 2026 पासून लागू, त्यात शिक्षकांचा पगार सरकारी वेतनश्रेणीत सगळ्यात वर असेल असं म्हटलंय. उशीर झाला, कारण 2021-22 या एका शैक्षणिक वर्षात सोळा हजारांहून जास्त शिक्षक नोकरी सोडून गेले होते, पण पाऊल योग्य आहे, दुपारच्या क्लासचं मूळ जर पगारात असेल तर औषध तिथेच द्यायला हवं. आणि ऑगस्ट 2025 मध्ये पक्षाच्या पॉलिटब्युरोने 71 नंबरचा ठराव केला, त्यात 2030 पर्यंत किमान 85 टक्के मुलांनी बारावी किंवा तिच्या बरोबरीचं शिक्षण पूर्ण करावं असं लक्ष्य आहे.

म्हणजे चाळीस टक्क्यांना अडवायच्या धोरणावरून सरकार गुपचूप मागे सरकतंय असं दिसतंय. फक्त 'बरोबरीचं' या शब्दात बरंच काही बसवता येतं. धंदेशिक्षणाच्या मुलांना बारावीचं थोडंसं गणित आणि भाषा शिकवून त्यांना 85 मध्ये मोजलं तर कागदावर लक्ष्य पूर्ण होईल आणि हनोईतल्या आईला काही फरक पडणार नाही, ती मुलाला घेऊन सहा वाजता सेंटरच्या दारात उभीच असेल. ते शिक्षण खरोखर चांगलं दिलं, शॉप फ्लोअरवर जाऊन आलेल्या मुलाला पुढे विद्यापीठाचं दार उघडं ठेवलं, तर गोष्ट वेगळी.

आणि शहरांत शाळा बांधायला जागा नाही हे जे सांगितलं जातं ते मला अजिबात पटत नाही. हनोईत शहराच्या मध्यातून जुने कारखाने हलवले गेले, त्या जागांवर मॉल आणि टॉवर आले. नव्या वसाहतींच्या नकाशात शाळेचे प्लॉट दाखवलेले असतात, फ्लॅट विकून लोक राहायला येतात, मुलं मोठी होऊन नववीला पोचतात, प्लॉट तसाच पत्रे लावून पडलेला असतो नाहीतर त्यावर पार्किंग चालतं. मुंबई-पुण्यातल्या आरक्षित भूखंडांची कहाणी माहिती असलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. शिक्षण खातं परिपत्रक काढू शकतं पण बिल्डरला हात लावू शकत नाही, तो अधिकार शहराच्या समितीकडे. त्यामुळे हनोईने उद्या असा नियम केला की शाळेची इमारत उभी राहून वर्ग सुरू झाल्याशिवाय टॉवरला राहायची परवानगी नाही, तर त्या एका नियमाने जेवढ्या शिकवण्या कमी होतील तेवढ्या 29 नंबरच्या परिपत्रकाने दहा वर्षांत होणार नाहीत, आणि त्या नियमाला विरोध कोण करेल हे तिथल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा.